घामात बसायचे दिवस : मुनस्यारीतले दोन महिने

ऑर्डर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आली. उत्तराखंडातल्या पिथोरागड जिल्ह्यात, आमच्या बँकेच्या मुनस्यारीच्या शाखेत, साठ दिवसांचं डेप्युटेशन. तिथली दोन माणसं एकदम बदलून गेलेली आणि मार्चअखेर तोंडावर. मी चिपळूणची, वाशिष्ठीच्या काठची. आयुष्यात सगळ्यात उंचावर राहिले ती महाबळेश्वरला, तेही चार दिवस. मुनस्यारी साधारण २२०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही साडेपाचशे मीटर उंच. आईने काही न बोलता कुळथाचं पीठ, आमसुलं आणि मेतकूट बांधून दिलं. "तिकडे आपलं काही मिळायचं नाही," एवढंच म्हणाली.

पहिला दिवस : हल्द्वानी ते मुनस्यारी

दिल्लीहून रात्रीच्या गाडीने पहाटे हल्द्वानीला उतरले. तिथून मुनस्यारी पावणेतीनशे किलोमीटरच्या पुढे आहे आणि शेअर जीपला पूर्ण दिवस लागतो. भीमताल, अल्मोडा, शेराघाट, बेरीनाग, थल अशी नावं एकामागून एक येत गेली. अल्मोड्याला बालमिठाई घेतली. खव्याची तपकिरी वडी आणि तिच्यावर साखरेच्या पांढऱ्या गोळ्या. थलला पूर्वेकडची रामगंगा भेटली, स्वच्छ हिरवी. तिच्या काठच्या ढाब्यावर भात आणि भट्टाची चुडकाणी खाल्ली. भट्ट म्हणजे काळं सोयाबीन. दाट, जवळजवळ काळी आमटी. दिवसभरात पोटात काही ठरलं असेल तर ते एवढंच.

थलनंतर रस्ता अरुंद होत जातो. बिर्थीचा धबधबा रस्त्यावरूनच दिसतो, सव्वाशे मीटरची सलग धार. त्याच्यापुढे वळणं इतकी घट्ट की खालचा रस्ता आपल्या पायाखाली आहे असं वाटत राहतं. सगळ्यात वर काळामुनीची खिंड, सुमारे २७०० मीटर. देवीचं मंदिर, ओळीने टांगलेल्या घंटा आणि दोन्ही बाजूंना गुडघाभर बर्फ. ड्रायव्हरने गाडी थांबवली. सगळे उतरले, घंटा वाजवली, परत बसले. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. बर्फावर पाय ठेवायची माझी ती पहिली वेळ. बूट आत गेला तेव्हा खडीसाखर दाताखाली फुटावी तसा आवाज आला.

मुनस्यारीत पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि वीज नव्हती. खोली शाखेतल्या शिपाईदादांनी आधीच बघून ठेवली होती. तिथे थोरल्या भावाला 'दाज्यू' म्हणतात, मीही पहिल्या दिवसापासून त्यांना दाज्यूच म्हणायला लागले. खोली एका आजींच्या घरात, वरच्या मजल्यावर. त्यांना सगळं गाव आमा म्हणतं. हातात कंदील घेऊन त्या दारात उभ्या होत्या. पहिलं वाक्य होतं, "चेली, पैर सुखा ले." चेली म्हणजे मुलगी. पाय कोरडे कर.

(जीपबद्दल : हल्द्वानीहून गाड्या पहाटे सुटतात, उजाडल्यावर गेलात तर बहुधा मिळत नाही. आदल्या दिवशी फोन करून पुढची सीट मागून घ्या. गाडी लागत असेल तर गोळी निघण्याआधी घ्यायची, पहिल्या वळणानंतर नाही. हिवाळ्यात काळामुनी बर्फाने बंद होते. मग जौलजीबी-मदकोटवरून गोरी गंगेच्या काठाकाठाने यावं लागतं. तो रस्ता लांबचा, पण खालून जाणारा.)

दुसरा दिवस : पाणी आणि शेगडी

सकाळी नळाला पाणी नाही. आमांना विचारलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, "जमा है." मला वाटलं कुठेतरी साठवलेलं आहे. जमा म्हणजे गोठलंय, हे बाहेर जाऊन पाइपाला हात लावला तेव्हा कळलं. ऊन पाइपावर आलं की अकराच्या सुमाराला नळ खोकतो आणि मग वाहू लागतो. त्यामुळे संध्याकाळीच बादल्या भरून घरात आणायच्या आणि नळ रात्री किंचित ठिबकता ठेवायचा. वाहतं पाणी सहजी गोठत नाही.

खालच्या घरात एका लोखंडी पात्रात कोळसे फुललेले होते. आमा त्याला 'सगड' म्हणत होत्या. मी दोनदा म्हणायला लावलं. सगड, शेगडी. हजार मैलांवर येऊन शेगडीच भेटली याचा मला झालेला आनंद मी त्यांना नीट समजावू शकले नाही. त्यांनी मात्र मला एक गोष्ट नीट समजावली : सगड खोलीत घेऊन, दार लावून झोपायचं नाही. कधीच नाही. कोळशाचा वायू दिसत नाही, त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. दर हिवाळ्यात पहाडात अशी माणसं जातात. त्या दोन महिन्यांत आमा रोज रात्री साडेआठला वर येऊन माझी सगड उचलून अंगणात ठेवत. हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे. थंडीत तिकडे राहणार असाल तर बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊन जा, ती पुरते.

संध्याकाळी कुकर अजून आला नव्हता म्हणून पातेल्यात तूरडाळ चढवली. तासभर उकळत होती आणि दाणा तसाच टणक. २२०० मीटरवर पाणी ब्याण्णव-त्र्याण्णव अंशांनाच उकळतं. उकळी दिसते, पण तिच्यात तितकी धग नसते. शेवटी मेतकूट-भात खाल्ला.

तिसरा दिवस : घाम

शाखेत सकाळी दहाला बोटं कीबोर्डवर वळत नव्हती. रोखपाल, दाज्यू आणि ग्राहक सगळे बाहेरच्या भिंतीला टेकून बसले होते. मला पाहून एक म्हातारे निवृत्त हवालदार सरकून जागा करत म्हणाले, "आओ मॅडम, घाम में बैठो."

मी गप्प उभी राहिले. कोकणात आम्ही घामातच जन्मतो, पण घामात बसा असं कोणी कोणाला बोलवत नाही. दाज्यूंनी खुलासा केला : कुमाऊनीत, म्हणजे इथल्या बोलीत, घाम म्हणजे ऊन. घाम आलं, घाम गेलं, घाम तापायचं. इथे सूर्य पूर्वेच्या हिमशिखरांमागून वर येतो, त्यामुळे ऊन गावात उशिरा पोचतं आणि पोचल्यावर माणसं हातातलं टाकून भिंतीपाशी येतात. पेन्शनच्या चौकश्या, मुलीच्या लग्नासाठी मोडायची एफडी, शेळ्यांच्या कर्जाचा हप्ता, सगळं तिथे बसून आधी बोललं जातं. कागद नंतर आत येतो. पहिल्या आठवड्यात मी आतल्या खुर्चीत बसून फायलींमधून जेवढे ग्राहक ओळखले, त्याच्या दुप्पट त्या भिंतीपाशी ओळखले.

चौथा आणि पाचवा दिवस : बर्फ

चौथ्या दिवशी दुपारपासून बर्फ. पावसासारखा आवाज नाही, म्हणून पहिली दोन मिनिटं कळलंच नाही. मग काउंटरवरचा उजेड बदलला. वीज गेली, पाठोपाठ लिंक गेली. आठ किलोमीटर चालून आलेल्या एका बाईला तिच्याच खात्यातले दोन हजार रुपये आम्ही देऊ शकलो नाही. ती रागावली नाही. रात्री बाजारात बहिणीकडे राहिली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, पुन्हा लिंक नव्हती. तिसऱ्या दिवशी पैसे मिळाले. मला याचं आजही वाईट वाटतं. डोंगरात सगळा व्यवहार एका तारेवर टांगायचा आणि तार तुटली की माणसाला म्हणायचं उद्या या, हे बरोबर नाही. ज्याचं घर आठ किलोमीटर वर आहे त्याला 'उद्या' हा शब्द फार महागात पडतो.

(रोख रक्कम जवळ ठेवा, आठवडा निभावेल इतकी. एटीएम आणि फोनवरून पैसे देणं यांच्या भरवशावर राहू नका. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम घ्या. नेहमीची औषधं दोन महिन्यांची बरोबर न्या. मोठं रुग्णालय पिथोरागडला, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास.)

पाचव्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला आमांनी खालून हाक मारली. चार दिवस समोर नुसती करडी भिंत होती. ती मधोमध फाटली होती आणि फटीत पंचचुली उभी होती. मी नजर आडवी ठेवून शोधत होते. आमांनी माझी हनुवटी धरून वर केली. इतक्या उंचावर डोंगर असतो हे डोळ्यांना ठाऊकच नव्हतं. पाच शिखरं, त्यातलं सर्वांत उंच ६९०४ मीटर. स्वर्गारोहणाला निघालेल्या पांडवांनी शेवटचा स्वयंपाक इथे केला, त्या या पाच चुली, असं तिथे सांगतात. पंचचुली हे नाव मी नकाशावर शंभरदा वाचलं होतं आणि त्यातली चूल मला दिसली नव्हती. मावळतीचं ऊन शिखरांवर पडलं तेव्हा त्या चुली खरोखर पेटल्यासारख्या दिसल्या. आमा तेवढ्यात आत जाऊन भाकरी उलटून आल्या.

भाकरीचंही सांगायचं आहे. काळपट, जाडसर भाकरी, वर तुपाचा गोळा आणि शेजारी भांगेच्या बियांची चटणी. (बियांनी नशा येत नाही. तिळासारख्या भाजून वाटतात, लिंबू पिळतात.) आमा म्हणाल्या, हा आमचा मडुवा, तुमच्याकडे नसेल. मी पहिला घास घेतला आणि म्हटलं, आमा, ही नाचणी. नंतर डाळ वाढली, गहतची. तो कुळीथ निघाला. मी वर जाऊन आईने दिलेलं पीठ घेऊन आले. आमांनी चिमूट जिभेवर ठेवली आणि मोठ्याने हसल्या. दोघींच्याही आया एकच सांगत आल्या होत्या : थंडीत खावा, मुतखड्यावर चांगला. दुसऱ्या दिवशी मी पिठी केली, आमसूल घालून. फोडणी त्यांनी दिली, जंबूची. जंबू हे वरच्या कुरणांतलं सुकवलेलं पान, कांदा आणि लसूण यांच्या मधला वास. तेव्हापासून साध्या जिऱ्याच्या फोडणीची कुळथाची पिठी मला थोडी अपुरी लागते.

दुसरा आठवडा : आडनावं

खात्यांची कागदपत्रं तपासताना एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. मर्तोलिया, बुर्फाल, टोलिया, रिलकोटिया, गनघरिया. मी नकाशा काढला. गोरी गंगेच्या वरच्या अंगाला, जोहार खोऱ्यात मर्तोली आहे, बुर्फू आहे, टोला, रिलकोट, गनघर आहे. म्हणजे हे सगळे मर्तोलीकर, बुर्फूकर, टोलेकर! आपल्याकडे गाव सुटलं तरी 'कर' सुटत नाही, तसंच. फरक एवढाच की यांची गावं हिवाळ्यात बर्फाखाली रिकामी असतात. एप्रिल-मेमध्ये काही कुटुंबं अजूनही मेंढ्या घेऊन वर जातात, बटाटे आणि फाफरा (कुट्टूसारखं धान्य) पेरतात आणि ऑक्टोबरात खाली येतात.

ही शौका माणसं, पूर्वीचे व्यापारी. गूळ, धान्य, कापड घेऊन ऊंटा धुरासारख्या खिंडी ओलांडून तिबेटात जायचे आणि मीठ, लोकर, टाकणखार घेऊन परतायचे. ओझं मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर, लहान लहान पिशव्यांतून. १९६२ च्या युद्धानंतर सीमा बंद झाली आणि हे सगळं थांबलं. आमा तेव्हा लहान होत्या. त्यांना आठवतं ते एवढंच की वडील त्या वर्षी घरीच होते आणि दिवसभर काही बोलत नव्हते.

शेरसिंह पांगती या शिक्षकांनी गावात एक वस्तुसंग्रहालय उभं केलं आहे. निवृत्तीनंतर घराघरांतून वस्तू गोळा करून, आपल्याच घरात. मिठाच्या पिशव्या, लाकडी ठेकी (दह्याचं भांडं), जुने नकाशे, लोकरीचे पोशाख. मुनस्यारीला दोन तासांसाठी जरी गेलात तरी हे चुकवू नका. मी तीनदा गेले, ते नैनसिंह रावतांमुळे.

नैनसिंह मिलमचे, तिथल्या शाळेत मास्तर. सर्व्हे ऑफ इंडियाने त्यांना तिबेट मोजायला पाठवलं, कारण गोऱ्या माणसाला तिथे प्रवेश नव्हता. एक मैल म्हणजे दोन हजार पावलं अशी चाल त्यांनी अंगी बाणवली. हातात जपमाळ, पण १०८ मण्यांची नाही, शंभरची. शंभर पावलांना एक मणी. नोंदी प्रार्थनाचक्रात लपवलेल्या. असे ते १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोचले आणि त्या शहराची उंची त्यांनी पाणी उकळून काढली. पाणी किती अंशांना उकळतं ते तापमापकावर पाहायचं आणि त्यावरून उंची मांडायची. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं.

ते वाचताना मला दुसऱ्या रात्रीचं माझं पातेलं आठवलं. माझ्याच बिनशिजल्या डाळीत मुनस्यारीची उंची लिहिलेली होती. त्यानंतर रोज शाखेत जाताना मी पावलं मोजायला लागले. घरापासून शाखेपर्यंत ८४० पावलं. ताज्या बर्फात हजाराच्या वर.

आणखी एक आडनाव. आमचे मॅनेजर पंत घराण्यातले. माझं गाव ऐकल्यावर त्यांनी खुर्ची मागे सरकवली. कुमाऊँतली पंत घराणी आपलं मूळ महाराष्ट्रात सांगतात. शेकडो वर्षांपूर्वी कोणी पूर्वज तिकडून यात्रेला आले आणि राहिले. मॅनेजरसाहेबांना मराठीचा एक शब्द येत नाही, पण आपण कोकणातले हे लहानपणापासून ऐकत आले आहेत. समुद्र त्यांनी अजून पाहिलेला नाही. मी मोबाइलवर दाभोळच्या खाडीचा फोटो दाखवला. त्यांनी तो मागून घेतला आणि वडिलांना पाठवला.

एक रविवार, दरकोट

मुनस्यारीहून मदकोटच्या रस्त्यावर सहा-सात किलोमीटरवर दरकोट. आमांचं माहेर. जुन्या घरांच्या दारांवर लाकडी कोरीवकाम आहे, नुसतं ते बघायलाही जावं. अंगणांत बायका मागावर बसलेल्या, शाली, पंख्या (अंगावर घ्यायची लोकरी वस्त्रं) आणि जाड गालिचे विणतात, त्या गालिच्याला 'दन' म्हणतात. मी एक पंखी घेतली. घासाघीस केली नाही, कारण धाग्याची पहिली ओळ ते शेवटची गाठ यात किती दिवस जातात ते समोर दिसत होतं. विकत घ्यायचं तर बाजारापेक्षा इथे येऊन विणणारीच्या हातून घ्या. येताना पांढरा राजमाही आणला, मुनस्यारीच्या राजम्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. रात्रभर भिजवला आणि कुकरला लावला, लोण्यासारखा झाला.

परतीच्या वाटेवर उतारात पहिला बुरांस फुललेला दिसला. हिरव्या-काळ्या झाडावर लालभडक गुच्छ. खाली अजून बर्फ होता.

१४ मार्च : उंबऱ्यावर फुलं

पहाटे दाराशी कुजबुज. उघडलं तर पाच-सहा मुलं, हातात छोट्या टोपल्या. माझ्या उंबऱ्यावर त्यांनी पिवळी प्योली आणि बुरांसच्या पाकळ्या टाकल्या, एका सुरात काही म्हटलं आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मला काय करायचं कळेना. आमा जिन्यावरून ओरडल्या, "चावल दे, गुड दे!" तांदूळ आणि गूळ दिला, तशी ती पुढच्या घराकडे पळाली. ही फूलदेई, चैत्राचा पहिला दिवस. तिथे महिना संक्रांतीला बदलतो, त्यामुळे आपला चैत्र अजून यायचा होता. ज्या घराचा उंबरा रिकामा राहतो त्या घराला वाईट वाटतं, म्हणून मुलं एकही दार सोडत नाहीत. माझं दार भाड्याचं होतं, साठ दिवसांचं. तेही सोडलं नाही.

मार्चअखेर

चैत्रात तिथे भिटौली असते. भाऊ किंवा आईवडील सासरी गेलेल्या लेकीला भेटायला येतात, पुऱ्या, मिठाई, कपडा घेऊन. भाऊबीजेला आपण भावाची वाट बघतो, तशी तिथल्या बायका महिनाभर रस्त्याकडे बघतात. आमा पंचाहत्तरीच्या पुढच्या. त्यांचे भाऊ त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे. ते दरकोटहून जीपने आले, कोपऱ्यावर उतरले आणि चढ चालत वर आले, कारण भिटौली घेऊन दारात चालत यायचं असतं असं त्यांचं म्हणणं. आमांनी त्यांच्या पाया पडून "पैलाग" म्हटलं आणि मग दोघं बराच वेळ घामात बसून राहिले. बोलणं फारसं नाही.

३१ मार्चला शाखेतून निघायला रात्रीचे अकरा वाजले. दाज्यू बॅटरी घेऊन घरापर्यंत आले. खोलीत झाकलेलं ताट होतं : चार पुऱ्या, बालमिठाईचे दोन तुकडे आणि ब्लाउजपीस. आमांनी आपल्या भिटौलीतला अर्धा वाटा वर आणून ठेवला होता. मी तेवढ्या रात्री भावाला फोन लावला. तो घाबरून उठला. त्याला म्हटलं, काही नाही, झोप.

परत

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटेच्या जीपने निघाले. काळामुनीला बर्फ सावलीतच उरला होता. सगळे उतरले, घंटा वाजवली, परत बसले. मीही.

आमांनी दिलेल्या गाठोड्यात जंबूची पुडी आणि दोन किलो गहत निघाला. चिपळूणला आईने तो सुपात घेऊन पाखडला, दाणा हातावर घेऊन पाहिला. आपल्यापेक्षा बारीक आहे म्हणाली. मूठभर तिने बरणीत वेगळा काढून ठेवला आहे. भातकापणी झाली की मागच्या शेतात पेरणार आहे.